खरी गणेशचतुर्थी कोणती?

२०२३ साली आमच्या नात्यात गणेशचतुर्थी दोनदा झाली. २० ऑगस्टला, रविवारी, रत्नागिरीकडच्या माझ्या मामांकडे गणपती बसला. माझे आजोळ टिळक पंचांग पाळते. मी मुलाला घेऊन तेथे गेले, मोदक खाल्ले आणि रात्रीच्या एस.टी.ने कुपवाडला परतले. दुसऱ्या दिवशी इकडे नागपंचमी होती. आमच्या जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्ही ऐकून असालच. म्हणजे आजोळी भाद्रपद सुरू झाला होता आणि कुपवाडला अजून श्रावण चालू होता! आमच्या घरचा गणपती बसला १९ सप्टेंबरला, एका महिन्याने. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने विचारले, "आई, मग खरी चतुर्थी कोणती?"

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे उत्तर चटकन देता यायला हवे. मला ते देता आले नाही.

प्रथम हे पाहू की महिनाभराचा फरक पडतो कसा. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट येते. ती भरून काढण्यासाठी सुमारे पावणेतीन वर्षांनी एक महिना अधिक धरतात. तो कोणता, याचा नियम मोठा सुंदर आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. २०२३ मध्ये एक अमावास्या १७ जुलैच्या मध्यरात्री संपली आणि पुढची १६ ऑगस्टच्या दुपारी. आपल्याकडील बहुतेक पंचांगांप्रमाणे सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला. गाडी चुकली ती एका दिवसाहूनही कमी वेळाने! म्हणून तो महिना अधिक श्रावण ठरला. टिळक पंचांगात मात्र सूर्य सुमारे चार दिवस आधीच सिंहेत गेला होता. तेथे तोच महिना साधा श्रावण झाला आणि पुढचा भाद्रपद.

लक्षात घ्या, अमावास्या कधी झाली याबद्दल दोन्ही पंचांगांत भांडण नाही. सूर्य आकाशात कोठे होता याबद्दलही नाही. भांडण आहे ते राशीचक्र कोठून मोजायला सुरुवात करायची, एवढ्याचेच. फूटपट्टी तीच, पण शून्याची खूण दोघांनी दोन ठिकाणी केली आहे.

या खुणेचा इतिहास आमच्या दारातून जातो. शतकानुशतके महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या १५२० सालच्या ग्रंथावरून होत. काळाच्या ओघात त्यांतले आकडे आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडत गेले. प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात, १८६५ च्या सुमारास, वेधांशी जुळणारे नवे पंचांग सुरू केले. पुढे लोकमान्य टिळकांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९२० साली सांगलीत ज्योतिष संमेलन भरले. कुपवाडहून सांगली हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत असते? त्या संमेलनातून रेवती नक्षत्राची तारा आरंभस्थानी मानणारे पंचांग पुढे आले. त्यालाच लोक टिळक पंचांग म्हणू लागले. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

दुसरा पक्ष होता चित्रा ताऱ्याचा. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे थोर गणिती या पक्षाचे. चित्रा जेथे आहे त्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, शून्य धरायचे असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की आधार दोघांनाही एकाच ग्रंथात मिळतो. सूर्यसिद्धांतात चित्रेचे स्थान १८० अंश दिले आहे आणि रेवतीचे ३५९ अंश ५० कला, म्हणजे जवळजवळ शून्य. पण आकाशात मोजले तर या दोन तारा एकमेकींपासून १८० अंशांवर नाहीत, सुमारे १८४ अंशांवर आहेत. एकीला बरोबर धरले की दुसरी चार अंशांनी चुकते. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो, म्हणून चार दिवस! बहुतेक पंचांगांत मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते आणि टिळक पंचांगात १० जानेवारीला, त्याचे कारण हेच.

असाच घोळ ख्रिस्ती जगातही आहे. मिरज-सांगलीच्या ख्रिस्ती बांधवांचा ईस्टर २०२४ साली ३१ मार्चला झाला, तर ग्रीस-रशियाकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचा ५ मेला. नियम दोघांचा एकच, इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेपर्यंत मागे जाणारा. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. परंतु संपात म्हणजे २१ मार्च असे दोघांनीही कागदावर ठरवून टाकले. एकाचा २१ मार्च ग्रेगरी पोपने १५८२ साली दुरुस्त केलेल्या कॅलेंडरातला, तर दुसऱ्याचा जुन्या ज्युलियन कॅलेंडरातला. तो सध्या १३ दिवस मागे आहे. पौर्णिमाही दोघे कोष्टकातून घेतात. या कोष्टकांमुळे २०१९ साली खरा संपात २० मार्चला आणि खरी पौर्णिमा २१ मार्चला होऊनही पाश्चात्त्य ईस्टर २१ एप्रिलला आला. १९९७ साली सीरियातील अलेप्पो शहरी अनेक चर्चचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सुचवले की कोष्टके सोडा, जेरुसलेमचे रेखावृत्त धरून खरा संपात आणि खरी पौर्णिमा गणिताने काढा. सूचना अजून अमलात आलेली नाही. २०२५ साली दोघांचाही ईस्टर २० एप्रिलला आला तो निव्वळ योगायोगाने.

दोन वाद सारखे दिसतात खरे, पण एक फरक आहे. ईस्टरच्या वादात आकाशाला पंच नेमता येतो. संपात केव्हा झाला हे दुर्बिणीने सांगता येते. आपल्या वादात तसे नाही. शून्य कोठे धरावे हे कोणतीही दुर्बीण सांगणार नाही, कारण राशीचक्रावर निसर्गाने खूण केलेलीच नाही. (निसर्गाची खूण हवी तर संपातबिंदू घ्या असे म्हणणारा सायन पक्षही होता. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्यातले. पण लोकांना तो रुचला नाही.) म्हणून मला वाटते, सांगलीला जमलेल्या विद्वानांनी जो प्रश्न पुराव्याने सोडवू पाहिला, तो मुळात संमतीने सोडवण्याचा प्रश्न होता.

असे प्रश्न जगाने सोडवले आहेत. ग्रिनिचवरून जाणारे रेखावृत्त शून्य, हे १८८४ साली वॉशिंग्टनला ठरले. ग्रिनिचमध्ये विशेष काही नाही. बहुतेक जहाजांचे नकाशे तेथून मोजलेले होते, इतकेच. आपली मुंबई तर भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत धरून बसली होती! आज मुंबईकरांना त्याचे दुःख असल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगते. पंचांगांनी एक व्हावे आणि शून्य चित्रेचे धरावे. ते अधिक 'शास्त्रीय' आहे म्हणून नव्हे. बहुसंख्य घरे आज तेच पाळतात, आणि मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही १९५५ च्या अहवालात सणांसाठी त्याच्याच जवळचे मूल्य सुचवले, म्हणून. आणखी एक शिक्षकी कारण. चित्रा पहिल्या प्रतीची ठळक तारा आहे, एप्रिलच्या रात्री तुम्हाला गच्चीवरून बोट दाखवून दाखवता येते. रेवतीची ही तारा पाचव्या प्रतीची. कुपवाडच्या एम.आय.डी.सी.च्या दिव्यांत ती मला एकदाही दिसलेली नाही.

मामांना हे सांगितले तर ते म्हणाले, "अगं, शून्य कुठंही धरता येतं म्हणतेस, मग आमचंच का सोडायचं?" प्रश्न बिनतोड आहे. रेवती पाळणारे चुकलेले नाहीत, हे आधी मान्य केल्याशिवाय त्यांना सोडा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. सरकारी हुकमाने तर हे मुळीच होऊ नये. माझी तडजोड लहान आहे. संक्रांत हवी तर १० जानेवारीला करा, पण अधिक महिना तेवढा सर्वांबरोबर धरा. घरे दुभंगतात ती अधिक महिन्यामुळे.

संक्रांतीवरून आठवले. १४ जानेवारीला उत्तरायण सुरू होते असे अजूनही काही वर्गांत शिकवतात. शिक्षकांनी रागावू नये, पण एक मीटरची काठी अंगणात सरळ उभी करून माध्यान्हीची, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड, सावली मुलांकडून मोजून घ्यावी. कुपवाडला ती २२ डिसेंबरला सुमारे ८५ सेंटिमीटर भरेल, १० जानेवारीला ८१ आणि १४ जानेवारीला ७९. सूर्य वळला केव्हा, हे तुमचे तुम्हीच पाहा. मुलाने आणि मी गच्चीवर खडूने खुणा केल्या आहेत. मामांनाही काठी रोवायला सांगितली आहे.