पाटी मराठी झाली, पण धनी कोण?

मंडळी, मराठी पाट्यांवरून आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद झाले. 2022 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक केली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असेही बजावले. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलू लागल्या. जन्मभर फळ्यावर देवनागरी गिरवलेल्या या मास्तराला आनंदच झाला!

पण पाटी वाचून कळते काय? 'अमुक कलेक्शन', 'तमुक पॉइंट'. लिपी आपली, पण आत व्यवहार कुणाशी होतोय, याचा पत्ता नाही.

खरे तर पाटीचा कायदा केवळ भाषेच्या अभिमानासाठी नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचे बारावे कलम बघा. कंपनीने आपले नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता धंद्याच्या प्रत्येक जागेबाहेर ठळक लावायचा, आणि तोही त्या भागातल्या लिपीत. ही स्थानिक लिपीची अट 1956 च्या कायद्यातही होती, म्हणजे आंदोलनांच्या कितीतरी आधीची. शिवाय पत्रे आणि बिले यांवर नाव, पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल छापायचे. चुकल्यास दिवसाला हजार रुपये दंड, जास्तीत जास्त एक लाख. किरकोळ दुकानदाराला हे कलम लागू नाही, हे खरे. पण जीएसटीची नोंदणी असेल, तर तो क्रमांक प्रवेशद्वारावरच्या पाटीवर लिहावाच लागतो. तुमच्या गल्लीत किती पाट्यांवर दिसतो? मोजून बघा.

आमच्या शेजारच्या वहिनींनी मिक्सर घेतला. महिन्याभरात बंद पडला. पावतीवर रबरी शिक्का, त्यात नुसते दुकानाचे नाव. दुकान तोवर उठून गेलेले. ग्राहक आयोगात तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? शिक्क्याविरुद्ध?

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, दुकानदार आधीच कागदपत्रांनी बेजार आहे, आणखी छळ कशाला?" अहो, नवी पाटी रंगवतानाच कोपऱ्यात मालकाचे नाव घालायला कितीसा खर्च येतो? पावतीपुस्तक छापायचेच असते, त्यात पत्त्याची एक ओळ जास्त. ज्याला सचोटीने धंदा करायचा आहे, त्याला आपले नाव लपवायचे कारणच काय? पूर्वी दुकानावर आडनाव आणि पुढे 'आणि मंडळी' असे. माल खराब निघाला, तर त्या आडनावाच्या माणसापुढे जाऊन उभे राहता येई.

म्हणून माझे मागणे साधे आहे. पाट्यांची अक्षरे मोजायला येणाऱ्या निरीक्षकांनी आत जाऊन पावतीपुस्तकही उघडून बघावे. आणि आपणही पैसे देण्यापूर्वी पावतीवरचे नाव-पत्ता वाचावा, नसेल तर तिथेच लिहून मागावा. दुकानदाराने तोंड वाकडे केले तरी चालेल. मराठी माणसाला मराठी अक्षर हवेच, पण त्या अक्षराआड जबाबदार माणूसही हवा.

तुमचा काय अनुभव? जरूर कळवा.