थान पारखता, तसे कॉलेजही पारखा

जळगाव-धुळ्याचे आम्ही कापडवाले पोत चाचपल्याशिवाय थान उचलत नाही. मग मुलाला ॲनिमेशन शिकवताना नुसती पाटी पाहून पैसे का भरतो? आमच्या पुतण्याची दोन वर्षांची फी अशीच गेली. सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र हाती आले, चित्रकला आली नाही. या धंद्याचा पाया रेखाटन आहे. अहमदाबादची एनआयडी (१९६१) व मुंबई आयआयटीचे आयडीसी (१९६९) प्रवेशपरीक्षेतच चित्र काढायला लावतात. म्हणून मुलांना शाळेतच एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसवा. कॉलेजात आधीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्म पाहायला मागा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, तेही विचारा. टाळाटाळ दिसली, तर बयाणा न देता उठा.