आधी ओळख, मग गळ

मेसच्या रविवारच्या रश्श्यात चिकन शोधण्यापेक्षा नदीत मासा शोधणं सोपं, असा आमच्या विंगचा अनुभव आहे. सेकंड इयरपासून आम्ही चौघं सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन कृष्णेवर जातो. गांडूळ लावायचं, दगडावर बसायचं आणि सबमिशन विसरायचं. गेल्या जुलैपर्यंत या विषयावर मला काही मत नव्हतं. आता आहे, आणि हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांना ते आवडणार नाही.

झालं असं की नदीला नवं गढूळ पाणी आलेलं असताना माझ्या गळाला चांगला अडीच किलोचा मासा लागला. तोंडाला चार मिशा दिसल्या आणि आम्ही 'सायप्रिनस' म्हणून मोकळे झालो. (सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प. बाजारात ढिगाने मिळतो.) पोट गाबोळीने गच्च भरलेलं होतं. मेसच्या मावशींनी कालवण केलं, गाबोळी तळून दिली. दोन दिवस माझी कॉलर ताठ! तिसऱ्या दिवशी मोबाईलमधला फोटो नदीवरच्या तात्यांना कौतुकाने दाखवला. तात्या भोई समाजातले, मच्छीमार सोसायटीचे जुने सभासद. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खडशी हाय ही. चढणीची. अंड्यावर आलेली खाल्लीसा व्हय रं पोरांनो?"

खडशी म्हणजे महसीर. चढणीचा मासा म्हणजे पावसाच्या नव्या पाण्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर जाणारा. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, महसीरचा हिशेब हजारांतला. त्यातली हजारो आम्ही मीठ-मसाला लावून खाल्ली.

चूक कुठे झाली तेही तात्यांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं. चार मिशा दोघांनाही असतात. पण सायप्रिनसचा पाठीवरचा पर लांबलचक, पार शेपटीकडे गेलेला असतो; खडशीचा आखूड. खडशीचे ओठ जाड आणि खवले एवढे मोठे की अंगाच्या मधल्या रेषेवर मोजले तर 25 ते 27 भरतात. रोहूचे चाळीसच्या वर जातात, आणि त्याच्या ओठाला झालर असते. चिलापी तर आंधळ्यालाही कळावी, पाठीचा पर सलग आणि पुढे काटेरी, हाताला लागला की समजतं. ही चिलापी म्हणजे तिलापिया, 1952 साली बाहेरून देशात आणलेली. ती हवी तेवढी धरा, तात्यांची ना नाही.

आपण नट बघून एम-8 की एम-10 ते सांगतो, व्हर्निअरने मिलिमीटरचे भाग मोजतो. मग 27 खवले मोजायला काय अडचण आहे?

नंतर लायब्ररीत बसून थोडं वाचलं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 साली प्रसिद्ध केली. आपल्या महसीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. यातलं खुद्री त्याचंच. शिंगटीचं 'मिस्टस सींगटी', शिवाय 'फुलंगी' आहे, 'कोलस' आहे. म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या तोंडचे शब्द जगभरच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसले, आणि नदीपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या आम्हाला सायप्रिनसच्या पुढे नाव येत नाही.

आता नियमांचं. नदीचा हा पट्टा सोसायटीकडे आहे. विचारल्याशिवाय बसायचं नाही आणि चढणीचा मासा धरायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आमचा एक मित्र म्हणाला, "बोर्ड कुठे लावलाय?" नाही लावला. महाड तालुक्यात वाळण कोंडीला गावकरी देवाचे मासे म्हणून महसीर राखतात. तिथेही बोर्डापेक्षा गावाचा शब्दच मोठा आहे. लिहिलेलाच नियम हवा असेल तर 1897 चा कायदा आहे. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं त्याने गुन्हा ठरवलं. पाण्यात करंट सोडण्याचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसावं. आमच्यासारखे इंजिनिअर त्या काळी कमी होते! हे गमतीने लिहितोय, पण बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन नदीवर जायची भाषा आमच्याच मजल्यावर झालेली आहे. करंट मासा ओळखत नाही, बोटभर पिल्लूही सोडत नाही. आणि पाण्यात उभा असलेला माणूसही.

दुसरा मुद्दा नेहमीचा: वरून मळीचं पाणी येतं, वाळू उपसली जाते, त्यात आमच्या चार गळांनी काय होणार? मुद्दा खरा आहे, मला तो खोडता येत नाही. फक्त एवढंच की ती खडशी त्या सगळ्यातून वाचून इथपर्यंत वर आली होती, आणि मग मी भेटलो.

रेक्टर सरांना आम्ही अर्ज दिलाय. मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी इथल्या माशांचा फोटोंसह एक तक्ता लावायचा, पावसाळ्यात गळ विंगमध्येच ठेवायचे. फोटो काढायला तात्या जाळं टाकून मासे दाखवणार आहेत. त्यांची अट एकच: नावं ते सांगतील तीच लिहायची, नेटवरून उतरवायची नाहीत.