मिवा डोंगराच्या पायथ्याशी

जपानच्या एका प्राचीन राजधानीचे शहर म्हणून नारा प्रसिद्ध आहे. बुद्धाची प्रचंड मूर्ती आणि मोकळी हिंडणारी हरणे पाहून बहुतेक प्रवासी संध्याकाळी ओसाका किंवा क्योतो गाठतात. ह्याच नारा स्थानकातून दक्षिणेकडे एक साधी स्थानिक गाडी सुटते. एकपदरी मार्गावरून, समोरची गाडी येईपर्यंत मध्येच थांबत, ती भातखाचरांतून धावते आणि सुमारे अर्ध्या तासात मिवा नावाच्या छोट्या स्थानकावर पोचते. १८९८ पासून हे स्थानक आहे. पण ज्याच्या दर्शनाला लोक तेथे उतरतात तो देव जपानच्या लिखित इतिहासाहूनही जुना आहे.

गेल्या नोव्हेंबरात, महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील एका रविवारी, मी आईला घेऊन तिकडे निघालो. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ओसाकाला असतो; त्याच्याकडे आम्ही पंधरा दिवस उतरलो होतो. आईने बहात्तरी ओलांडली आहे आणि तिचे गुडघे तिला साथ देत नाहीत. मिवा डोंगरावर चढण्याचा बेत माझा एकट्याचा होता. मी शिखरावर जाऊन येईपर्यंत तिने पायथ्याशी बसावे, असे ठरले होते.

बेत पहिल्या पावलालाच फसला. वेळापत्रकात कामाच्या दिवसांचा आणि सुटीच्या दिवसांचा असे दोन निरनिराळे रकाने असतात. मी भलताच रकाना वाचला आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर बसून राहावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती; पण जिना उतरताना आईला लागलेला वेळच मी मनातल्या मनात मोजत होतो.

गाडी मिळाली आणि तेनरी मागे पडल्यावर डाव्या हाताला मिवा डोंगर दिसू लागला. उंची अवघी ४६७ मीटर. आपल्याकडे अशाला टेकडीच म्हणतील. परंतु त्याचा आकार असा निमुळता आणि घाटदार, की नजर त्याच्यावरून हलत नाही. माकिमुकू स्थानकाच्या परिसरात हाशिहाका नावाचे सुमारे २८० मीटर लांबीचे, झाडांनी झाकलेले थडगे आहे. मिवाच्या देवाला वरलेल्या राजकन्येचे ते थडगे, अशी कथा इ. स. ७२० च्या ‘निहोन शोकी’ ह्या ग्रंथात आहे. हा पती केवळ रात्री येई. त्याचे खरे रूप पाहण्याचा हट्ट तिने धरला, तेव्हा फणीच्या पेटीत तिला एक सुंदर लहानसा साप दिसला. ती किंचाळली, देव लाजून डोंगरावर निघून गेला आणि दुःखाने तिचा अंत झाला. हे थडगे दिवसा माणसांनी आणि रात्री देवांनी बांधले, असे तो ग्रंथ सांगतो.

इ. स. ७१२ च्या ‘कोजिकी’त ह्याच देवाची दुसरी कथा आहे. रात्री येणारा हा अनोळखी तरुण कोण, हे कळावे म्हणून मुलीच्या आईबापांनी त्याच्या वस्त्राच्या काठात दोरा ओवलेली सुई टोचायला सांगितली. सकाळी पाहतात तो दोरा दाराच्या छिद्रातून बाहेर जाऊन मिवाच्या देवस्थानापाशी पोचलेला, आणि घरात त्याचे तीनच वेढे उरलेले. ‘मिवा’ म्हणजे तीन वेढे, अशी ह्या नावाची उपपत्ती त्यात दिली आहे. ही कथा मी गाडीत आईला सांगितली. ती म्हणाली, “सुईदोऱ्याची युक्ती मुलीच्या आईचीच असणार.”

स्थानकावर उतरल्यावर मी तिला जवळजवळ ओढतच नेले. ‘तोरी’ म्हणजे देवस्थानाच्या सीमेवरची, आपल्या तोरणाची आठवण करून देणारी लाकडी कमान. तिच्याखालून उंच वृक्षांच्या सावलीत खडीची वाट जाते. मुख्य प्रार्थनामंडपासमोर आई हात जोडायला थांबली. मी म्हटले, “येताना पाहू, आता चल.” पर्वतारोहणाची नोंद जवळच्या साइ नावाच्या देवळात होते. तेथे नाव लिहून, गळ्यात पांढरा पट्टा घालून मगच वर जाता येते. वर छायाचित्र काढता येत नाही, पाण्यावाचून काही खातापिता येत नाही. दगड, पान, माती काहीही उचलता येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि नोंद बाराला बंद होते. तेथील सेवकाने नम्रपणे वाकून घड्याळाकडे हात दाखविला. वाद घालण्यासारखे काहीच नव्हते.

मी खिन्न होऊन बाकावर बसलो. शेजारी औषधी मानल्या जाणाऱ्या झऱ्याचे पाणी लोक पेल्याने पीत होते. आई दोन घोट प्यायली आणि पिशवीतल्या लहान बाटलीत तिने थोडे भरून घेतले. मग म्हणाली, “आता तरी तो मंडप नीट पाहू दे.”

आम्ही परत फिरलो, आणि घाईत मी काय ओलांडून गेलो होतो ते तेव्हा कळले. आजचा मंडप तोकुगावा इएत्सुना ह्या शोगुनने १६६४ मध्ये पुन्हा बांधविला. त्याच्या मागे तीन कमानी एकत्र जोडलेले तोरण आहे, आणि त्याच्या मागे काहीच नाही. गाभारा नाही, मूर्ती नाही. मागे आहे तो डोंगर. तोच देव. त्याच्या झाडांवर परंपरेने कुऱ्हाड चालवीत नाहीत. शतकानुशतके सामान्य माणसाला वर जाण्याची बंदी होती; मेजी काळानंतर नियम पाळून जाण्याची मुभा मिळाली. म्हणजे असंख्य पिढ्यांनी ह्या देवाला येथूनच, ह्या मंडपातून, नमस्कार केला होता.

मंडपासमोर एक जुनाट वृक्ष आहे. त्यात देवाचा साप राहतो अशी श्रद्धा असल्याने त्याच्यापुढे कच्ची अंडी आणि साके मद्य ठेवलेले होते. झाडाच्या जातीचे नाव मी सांगितले : सुगी. आईला हसू आले. “सुगी? आमच्याकडे सुगी म्हणजे भातकापणी.” बाहेर खाचरे नुकतीच रिकामी झाली होती, तेव्हा शब्द तसा अस्थानी नव्हता. ह्याच सुगीच्या हिरव्या डहाळ्यांचा मोठा गोळा मंडपाला टांगला होता. दर वर्षी १४ नोव्हेंबरला येथे मद्य बनविणाऱ्यांचा उत्सव होतो, आणि असे गोळे त्यांच्या दुकानांवरही लोंबतात.

सर्वांनी करावे तसे आईने दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा नमस्कार केला. मग आपल्या पद्धतीने हात जोडून बराच वेळ उभी राहिली. तिच्या कोकणातल्या गावी देवराई आहे. तिच्यातली काटकीसुद्धा घरी आणीत नाहीत. डोंगर देव कसा, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. माझे वर जाणे राहिले म्हणून मी पुन्हा हळहळलो, तेव्हा ती म्हणाली, “अरे, देवाच्या पायाशी येऊन पोचलो. त्याच्या डोक्यावर कशाला चढायला हवे?”

मला उत्तर सुचले नाही. पंढरीला गर्दीमुळे कळसालाच हात जोडून परतणारी माणसे तिने पाहिली आहेत. तिला त्यात उणे काही वाटत नाही. उणे होते ते माझ्या घाईत, आणि गाडी चुकल्याचा दोष तिच्या गुडघ्यांवर ढकलण्यात.

दुपारी आम्ही तेथील प्रसिद्ध सोमेन खाल्ले. हाताने ओढून केलेल्या ह्या गव्हाच्या बारीक शेवया. ५ फेब्रुवारीला त्यांचा त्या वर्षीचा भाव देवापुढे कौल लावून ठरवितात. “आपल्या शेवया जरा जाड असतात,” एवढाच अभिप्राय आईने दिला आणि वाडगा रिकामा केला.

वाचकांपैकी कोणी तिकडे गेल्यास आणि डोंगर चढावयाचा असल्यास बाराच्या आत, शक्य तो सकाळीच, साइ येथे पोचावे. तीनच्या आत खाली यावे लागते. रविवारी सुटीच्या दिवसांचा रकाना पाहावा. आणि बरोबर कोणी वडीलधारे माणूस असेल, तर मंडपासमोर त्यांना हवा तेवढा वेळ थांबू द्यावे.