सायरन वाजला नाही, म्हणजे बिबट्या नाही?

बिबट्या जंगलात राहतो, हे विधान खोटे नाही. पण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात ते पुरेसे नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेथे कॅमेरा सापळे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे, आणि त्याच भागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे, असे चित्र त्यातून पुढे आले. उसात आसरा आणि वस्तीवरची कुत्री हे भक्ष्य, असे तेथील बिबट्याचे जीवन आहे.

आता राज्याच्या बिबट्याप्रवण भागांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे आणि सायरन येत आहेत. बिबट्या ओळखणे हे यंत्राचे एक काम. न दिसल्यास काय समजायचे, हा त्याहून अवघड प्रश्न.

पारंपरिक तर्कशास्त्रात नवी माहिती आली तरी जुना निष्कर्ष मागे घेता येत नाही. माणूस मात्र ‘पक्षी उडतो’ असे धरून चालतो आणि तो पेंग्विन आहे असे कळताच मत बदलतो. अशा अपवाद मानणाऱ्या नियमांची गणिती मांडणी कॅनडाचे संगणकशास्त्रज्ञ रेमंड रायटर यांनी १९८० मध्ये केली. विरुद्ध पुरावा नाही तोवर नियम लागू, हा तिचा गाभा.

पण पुरावा नसण्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. एसटीच्या वेळापत्रकात रात्री बाराची गाडी नसेल, तर ती नाही असे मानणे योग्यच. कारण यादी पूर्ण असते. कॅमेऱ्याला मात्र एकच बांध दिसतो. उंच उसाआडचे दिसत नाही, आणि वीज गेली तर काहीच दिसत नाही. तेथे ‘नोंद नाही, म्हणून बिबट्या नाही’ हा तर्क रात्री पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून गृहीतक उलटे हवे: उसाच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर बिबट्या असू शकतो, हा नियम, तो नाही, याला पुरावा लागेल. अर्थात रात्रभर सायरन वाजवून उपयोग नाही. चार दिवसांत लोक त्याकडे दुर्लक्ष करतील. सायरन खात्रीच्या नोंदीलाच वाजावा. मात्र ‘दिसला’ आणि ‘दिसला नाही’ यांच्या जोडीला ‘कॅमेरा बंद आहे, सांगता येत नाही’ हा तिसरा संदेशही मोबाइलवर यायला हवा. बॅटरी, काठी आणि सोबत यांची गरज ठरवताना शेतकऱ्याला तोच सर्वाधिक उपयोगी पडेल.