नगरसभेच्या दारीं तरुण

गेल्या महिन्यांत आमच्या आळींतील सातवी-आठवींच्या चार मुलांनीं एक अर्ज लिहिला. शाळेसमोरील पदपथ वाहनांनीं अडल्यामुळें मुलांस भर रस्त्यांतून चालावें लागतें, एवढाच त्याचा आशय. अर्ज घेऊन तीं नगरपालिकेच्या कचेरींत गेलीं, तेव्हां तेथील गृहस्थांनीं कौतुकानें हंसून ‘मोठ्या माणसास घेऊन या’ असें सांगितलें व त्यांस परत पाठविलें. मुलें माझ्याकडे आलीं. मी बरोबर गेलों. अर्ज पांच मिनिटांत दाखल झाला. मजकूर तोच, अक्षर तेंच. फरक काय तो माझ्या पांढऱ्या केसांचा!

त्या क्षणीं मला वनपर्वांतील अष्टावक्राचें आख्यान आठवलें. जनकाच्या यज्ञमंडपाच्या दारीं द्वारपाळानें त्या बालकास अडविलें. येथें वृद्ध व विद्वान् ब्राह्मणांसच प्रवेश, असें बजाविलें. केस पिकल्यानें कोणी वृद्ध ठरत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर अष्टावक्रानें दिलें आणि आंत जाऊन बंदीस वादांत जिंकलें. ही कथा आपण मुलांस हौसेनें सांगतों. द्वारपाळाचें काम मात्र आपणच करितों.

वस्तुतः स्थानिक स्वराज्याचा हेतु मुळांत शिक्षणाचाच आहे. लॉर्ड रिपन यांनीं सन १८८२च्या मे महिन्यांत जो ठराव केला, त्यांत कारभाराच्या सुधारणेपेक्षां लोकांच्या राजकीय शिक्षणास अधिक महत्त्व दिलें होतें. पुण्याच्या नगरपालिकेंत जोतीराव फुले, टिळक व गोखले या तिघांनींही निरनिराळ्या काळीं काम केलें. नळ, गटारें व दिवाबत्ती यांचा विचार त्यांस हलका वाटला नाहीं.

आजचा कायदाही तरुणांस अगदींच विन्मुख नाहीं. सन १९८९पासून अठराव्या वर्षीं मत देतां येतें. महापालिकेच्या सभासदत्वास एकविसावें वर्ष पुरतें. परंतु कायद्यांतील हक्क व हातीं आलेला हक्क यांत अंतर असतें. मुंबई व पुणें येथें सन २०१७च्या फेब्रुवारींत निवडणूक झाली. पुढलीस आठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मार्च २०२२पासून कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. सन २०१७मध्यें ज्यास अठरा वर्षें पुरीं होण्यास एकच महिना उणा पडला, त्याची पंचविशी उलटली तरी त्याला नगरसेवक निवडतां आला नाहीं. शिक्षणाच्या ऐन वयांतील पाठशाळाच बंद, असा हा प्रकार झाला.

मग अठरा वर्षांखालील मुलांचें काय? पुणें महापालिकेनें सन २००६मध्यें नागरिकांकडून आपापल्या भागांतील कामें अंदाजपत्रकासाठीं मागविण्याचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेंतील बोस्टन शहरानें सन २०१४मध्यें याच दिशेनें पुढें जाऊन, दहा लाख डॉलर कोणत्या कामांवर खर्चावे, हा प्रश्न बारा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींच्या मतास टाकला. आपल्याकडे मुलांची सभा म्हणजे भाषणें, टाळ्या व अल्पोपाहार! मुलांस कौतुक नको आहे. त्यांच्या अर्जास पोंच मिळावी, नियत मुदतींत लेखी उत्तर यावें, आणि नकारच द्यावयाचा तर त्याचें कारण सांगावें. एवढें झालें तरी पुष्कळ झालें. प्रत्येक प्रभागांतील अल्पसा निधि शाळकरी मुलांच्या विचारें खर्चिला, तर पदपथाचें मोल आणि पैशाची मर्यादा हीं दोन्हीं त्यांस एकदमच कळतील.

वाचक मातापित्यांसही एक विनंति आहे. ‘त्या भानगडींत पडूं नको, अभ्यास कर’ असें आपण मुलांस सांगतों, आणि पुढें नगरपालिकेंत चांगलीं माणसें नाहींत म्हणून हळहळतों. हीं दोन्हीं वाक्यें एकाच मुखीं शोभत नाहींत.

पदपथ अद्याप मोकळा झालेला नाहीं. अर्जाची पोंच मात्र मुलांनीं कंपासपेटींत जपून ठेविली आहे. येत्या सोमवारीं तीं उत्तर विचारावयास जाणार आहेत. या वेळीं मी दाराबाहेरच उभा राहणार आहें.