मुलाचं इंग्लंडमधलं घर आणि आपली सही



मुलगा इंग्लंडमध्ये घर घेतोय म्हटलं की आधी पेढे वाटले जातात आणि मग पैशांची जुळवाजुळव सुरू होते. कुणी ठेवी मोडतं, कुणी गावाकडचा प्लॉट विकतं. कागदांचं मात्र "तो बघेल तिकडं" म्हणून सोडून देतो. माझं स्पष्ट मत आहे, पैसे देणाऱ्या आईवडिलांनी ते कागद समजून घेतलेच पाहिजेत.

इंग्लंडमध्ये विकणाऱ्याने किंमत मान्य केली तरी व्यवहार पक्का होत नाही. घेणारा आपला सॉलिसिटर नेमतो. तो मालकीच्या नोंदी आणि कौन्सिलकडची माहिती तपासतो, सर्व्हेयर घर पाहून अहवाल देतो. फ्लॅट बहुधा लीजहोल्ड असतो, म्हणून लीजची किती वर्षं उरली तेही विचारायचं. मग दोन्ही बाजू सह्या केलेल्या करारांची अदलाबदल करतात आणि साधारण 10 टक्के अनामत भरली जाते. तोवर कुणीही मागे फिरू शकतं. त्यानंतर घेणारा फिरला, तर अनामत बुडू शकते. व्यवहार पूर्ण झाल्यावर 14 दिवसांत स्टॅम्प ड्युटी भरायची आणि लँड रजिस्ट्रीत नाव लावायचं.

आपला संबंध येतो तो गिफ्ट लेटरशी. गृहकर्ज देणारी बँक आईवडिलांकडून लिहून घेते, की ही रक्कम बक्षीस आहे, आम्ही ती परत मागणार नाही आणि घरावर हक्क सांगणार नाही. पैसा कुठून आला याचे पुरावेही सॉलिसिटर मागतो, म्हणून प्लॉटचं खरेदीखत, बँकेची स्टेटमेंटं जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते.

आपल्या धर्मात दान दिलं की त्यावरचं ममत्व सोडायचं असतं. हे पत्र कायद्याच्या भाषेत तेच सांगतं. म्हणून जेवढं खरोखर सोडता येईल तेवढंच द्या. औषधपाण्याचा, उतारवयाचा पैसा त्यात घालू नका. आणि मनात उसने, कागदावर बक्षीस, असं तर मुळीच करू नका. ती बँकेची फसवणूक आहे आणि आपल्या सत्याच्या अणुव्रतालाही ते धरून नाही. पैसे परत हवे असतील, तर बँकेला आणि सॉलिसिटरला आधीच सांगायचं. तो सॉलिसिटर मुलाचा असतो, आपला नव्हे. रक्कम मोठी असेल तर स्वतंत्र सल्ला घ्यावा.

नवराबायको मिळून घर घेत असतील तर आणखी एक विचारा. मालकी 'जॉइंट टेनंट्स' म्हणून असेल, तर एकाच्या पश्चात सगळं घर दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. 'टेनंट्स इन कॉमन' असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा राहतो. सुनेवर अविश्वास म्हणून मी हे सांगत नाही. तिच्या माहेरूनही पैसा आलेला असू शकतो, तिचा हिस्साही नीट लिहिला जायला हवा.

तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर पडद्यांचा रंग विचारण्याआधी ते गिफ्ट लेटर मागून घ्या. दोघांनी बसून वाचा, मगच सही करा.